रस्त्याने निघालेली होडी: दारूखाना ते देवबाग

आधी त्या एका प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो, कारण मुंबईहून देवबागला होडी रस्त्याने ओढत नेताना वाटेत वीसेक जणांनी तरी तो विचारला. टपरीवाल्याने विचारला, हवालदाराने विचारला, पेणला एका चिमुरडीने तर गाडीच्या खिडकीतून आईला ओरडून सांगितलं की आई होडी रस्ता चुकली. तर, समुद्रातून का नाही नेली? गिअरबॉक्स गेला होता म्हणून. इंजिन चालू व्हायचं, पंखा फिरायचा नाही. दुसऱ्या बोटीने ओढत नेणार तर मुंबई ते मालवण एवढं अंतर, त्याचा खर्च आणि जीवाला घोर वेगळाच.

होडी मामाची. म्हणजे मामाने घेतली, बघितली मी. मामा देवबागला असतो, तारकर्लीच्या पुढे, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधे चिंचोळी पट्टी आणि त्यावर माडात लपलेली घरं. टुरिस्टना संगमावर फिरवायचं काम. त्याची जुनी होडी थकली होती आणि रे रोडजवळ दारूखान्यात एका शेडमध्ये २४ फुटी फायबरची, डिझेल इनबोर्डवाली होडी पडून आहे असं मला कळलं. गिअरबॉक्स मेलेला म्हणून स्वस्त, आणि मुख्य म्हणजे सोबत तिचा दोन अॅक्सलचा ट्रेलर. ट्रकवाल्याला विचारलं तर ट्रकचं भाडं, इकडे चढवायला हायड्रा क्रेन, तिकडे उतरवायला हायड्रा, सगळं मिळून आकडा असा निघाला की मामा फोनवर गप्पच झाला. तेव्हा माझा मेव्हणा म्हणाला, भावोजी आपली गाडी आहे ना, ओढू की.

आपली गाडी म्हणजे त्याची हायलक्स, टोयोटाची पिकअप. २.८ लिटरचं डिझेल, ऑटोमॅटिक, टॉर्क ५०० न्यूटन मीटर. हा ५०० चा आकडा त्याने मला प्रवासात इतक्या वेळा ऐकवला की पोलादपूरनंतर मी सांगितलं, पुन्हा बोललास तर खाली उतरेन. कारण ओढायला ताकद लागते हे खरं, पण आमचा एकही प्रॉब्लेम ओढण्याचा नव्हता. सगळे थांबवण्याचे, वळवण्याचे आणि मागे घेण्याचे.

निघायच्या आदला दिवस

शेडमधून होडी बाहेर काढली आणि वजनकाट्यापर्यंत नेली, जेमतेम दोन किलोमीटर. तेवढ्यातच मागे कुत्र्याने शेपूट हलवावी तसा ट्रेलर डावी-उजवी करत होता, तोही तीसच्या स्पीडला. काट्यावर गाडी सोडवून नुसता ट्रेलर तोलला तर २,६३० किलो. विकणारा म्हणाला होता दोन टन, "जास्तीत जास्त". शेडमधला म्हातारा मिस्त्री सोबत आला होता, त्याने काही न बोलता होडीच्या मागे खाली हात घातला आणि बूच काढलं. मग जे काळं पाणी सुरू झालं ते अर्धा-पाऊण तास गळतच होतं. मागच्या पावसाचं पाणी सगळं तळात साठलेलं. पुन्हा तोललं, २,४१०. म्हणजे सव्वादोनशे लिटर पाणी आम्ही मालवणला फुकट नेणार होतो. मालवणला पाण्याची काय कमी.

ते बूच मेव्हण्याने गाडीच्या चावीला दोरीने बांधलं. हे त्याचं एक डोकं मला मानावं लागेल. चावी हातात घेतली की बूच हातात, म्हणजे बुचाशिवाय होडी पाण्यात जाणं अशक्य.

आता त्या शेपटीचं कारण. ट्रेलरचं वजन चाकांवर असतं तसं थोडं पुढे हिचच्या गोळ्यावरही, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो तिथे, यायला लागतं, साधारण एकूण वजनाच्या दहा टक्के. कमी असेल तर ट्रेलर डोलायला लागतो, फार जास्त झालं तर गाडीची मागची बाजू बसते आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग भुरभुरीत लागतं. आम्हाला हवे होते २४० च्या आसपास. मोजायचं कसं, घरचा वजनकाटा तर दीडशेच्या पुढे जात नाही. मग मिस्त्रीचीच युक्ती. एक जाड फळी घ्यायची, एक टोक विटेवर, दुसरं वजनकाट्यावर, आणि ट्रेलरचं नाक फळीवर असं टेकवायचं की विटेपासून एक भाग आणि काट्यापासून दोन भाग अंतर राहील. काटा जे दाखवेल त्याची तिप्पट करायची. काट्याने ४३ दाखवले, म्हणजे १२९. निम्म्याला थोडं वर! मग होडीतल्या मागच्या फळीखालच्या दोन बॅटऱ्या, नांगर आणि त्याची साखळी हे सगळं उचलून पुढे नाळेत, म्हणजे होडीच्या टोकाशी, नेऊन बांधलं. काटा ७१. तिप्पट २१३. मिस्त्री म्हणाला बस झालं, आता जा.

होडीवरच्या छत्रीचा सांगाडा काढून आडवा ठेवला, कारण गावांतल्या वायरी खाली लोंबतात. रुंदी आठ फूट, तिथे निश्चिंत होतो, रस्त्यावर २.६ मीटरपर्यंत चालतं. ट्रेलरचे कागद आधी तपासा बरं का, ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते. आमच्या सुदैवाने जुन्या मालकाने ती केलेली होती.

पहिला दिवस: दारूखाना ते महाड (ठरलं होतं राजापूर)

पहाटे तीनला निघालो. मुंबईत एवढं लांब शेपूट घेऊन दिवसा निघायची हिंमत नव्हती. वाशीच्या नाक्यावर थोडी गंमत झाली. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईत शिरायच्या पाचही नाक्यांवर हलक्या गाड्यांना टोल माफ आहे, पण आम्ही हलके का जड हे कोण ठरवणार? तिथला मुलगा बाहेर आला, चाकं मोजली, होडीखाली वाकून पुन्हा मोजली, मग दुसऱ्याला बोलावलं. दोघांनी मिळून मोजली. शेवटी "जाऊ दे रे, होडी आहे" असा निकाल लागला.

पळस्पे फाट्याला वळून कर्नाळ्याच्या खिंडीत आलो तेव्हा उजाडत होतं. जानेवारीची थंडी, काचेवर दव, आणि झाडीतून पक्ष्यांचा नुसता गोंगाट. पहिले वीस-पंचवीस किलोमीटर झाले की थांबून पट्टे पुन्हा आवळायचे असं वाचलं होतं म्हणून थांबलोच, आणि खरंच दोन पट्टे चांगले दोन-दोन दात ढिले झाले होते. दुसरं म्हणजे सपाट पट्टा वाऱ्याने इतका जोरात भुणभुण करतो की गाडीत बोलता येत नाही. त्याला एक पीळ देऊन बांधला की गप्प.

पेणला चहाला थांबलो तर शेजारीच गणपतीचा कारखाना. पेणचे लोक पौषातही गणपतीच करत असतात. आतून एक काका हाताला शाडू लागलेले तसेच बाहेर आले, होडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "पट्टा कडेवर चढलाय, मालवणला पोचेपर्यंत फायबरला खाऊन टाकेल." आत गेले आणि गोणपाटाचे चार तुकडे घेऊन आले. "आम्ही आठ-आठ फुटी बाप्पा टेम्पोत घालून लांब लांब पाठवतो. पट्टा किती घट्ट आहे त्याला काय नाय, पट्ट्याखाली काय आहे ते बघायचं." पैसे विचारले तर हसले. ते गोणपाट शेवटपर्यंत जागेवरून हललं नाही.

वडखळ, नागोठणे, कोलाड. रस्ता कुठे काँक्रीट, कुठे जुनं डांबर, कुठे नुसतीच खडी. ह्या रस्त्याबद्दल काय लिहायचं, एनएच १७ चा एनएच ६६ झाला तरी पळस्प्यापासून पुढे तो अजून होतोच आहे. आम्ही पंचावन्नच्या वर कुठेच गेलो नाही. खड्ड्यात गाडी पडते, सावरते, आणि एका सेकंदाने मागून अडीच टन पाठीत धक्का देतात. दर वेळी.

थांबलो की मेव्हणा ट्रेलरच्या चारही हबला, म्हणजे चाकांच्या मधल्या भागाला, हाताची मागची बाजू लावून बघायचा. कोमट असेल तर ठीक, हात टिकत नसेल तर बेअरिंग बोंबलतंय. कोलाडला तीन कोमट आणि एक उजवीकडचं मागचं बऱ्यापैकी गरम. माणगावला (ट्रॅफिक जॅम, सांगायची गरज नाही) त्याला हात लावला आणि मेव्हण्याने जी शिवी दिली ती शेजारच्या एसटीतल्या लोकांना पण ऐकू गेली. टोपीतून ग्रीस वितळून रिमवर आलं होतं. तिथून महाड अठ्ठावीस किलोमीटर. ते आम्ही वीसच्या स्पीडने, दर पाच-सहा किलोमीटरला थांबून, हब गार होईपर्यंत वाट बघत, अडीच तासात काढलं. पाणी ओतायचा मोह झाला होता, पण तापलेल्या हबवर पाणी पडलं की तो गार होताना आत हवा ओढतो आणि हवेबरोबर पाणीही आत जातं, म्हणजे उरलेलं ग्रीसपण गेलं. नुसतं बसून राहिलो. लोणेऱ्याजवळ एका बाईंनी आम्हाला असं रस्त्याच्या कडेला होडीच्या सावलीत बसलेलं बघून ताकाचा तांब्या आणून दिला आणि अर्थातच विचारलं, समुद्रातून का नाही नेली.

दुसरा दिवस: महाड, दिवसभर

गॅरेजवाले मेस्त्री साठीचे असतील. चाक काढलं, हब उघडला, बेअरिंगचे रोलर अक्षरशः चुरा होऊन हातात आले. मिठाच्या पाण्याचा गंज. आम्ही घाबरत विचारलं की ह्या ट्रेलरचं बेअरिंग मिळणार कुठे, मुंबईला परत जावं लागेल का. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चिंधीने हब पुसला, आणि म्हणाले, "ट्रेलरचं कसलं, जीपचा हब आहे हा." ट्रेलर बनवणाऱ्याने जीपचेच हब बसवले होते. महाडात एक सेट होता, बाकीचे पनवेलहून मागवले. पनवेलच्या दुकानदाराने ते एका एसटीच्या ड्रायव्हरकडे दिले आणि दुपारी दोनला महाड स्टँडवर आमच्या हातात! एकच खराब होता तरी मेस्त्रींनी चारही हब उघडायला लावले. "एक गेलाय म्हणजे बाकीचे रांगेत उभे आहेत." बरोबरच निघालं, आणखी एकाच्या सीलमधून पाणी गेलेलं होतं.

(पाण्यात जाणारा ट्रेलर घेऊन निघणार असाल तर हबचे नंबर आधी बघून बेअरिंग आणि ग्रीस सीलचा एक सेट खिशात ठेवा. आमचा अख्खा दिवस वाचला असता.)

मधल्या वेळात आम्ही चवदार तळ्यावर जाऊन आलो. मी ह्या रस्त्याने लहानपणापासून शेकडो वेळा गेलो असेन, पण महाड म्हणजे एसटीचा दहा मिनिटांचा थांबा आणि वडापाव, त्यापलीकडे कधी शहरात पाऊलच टाकलं नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन इथे पाणी प्यायले. पायऱ्यांवर विदर्भातून आलेलं एक कुटुंब होतं, आजोबा, सून, दोन नातवंडं. आजोबांनी ओंजळीत पाणी घेऊन नातवाच्या डोक्याला लावलं. त्यांनी विचारलं तुम्ही कुठले, मी म्हटलं मुंबईचे, होडी घेऊन चाललोय, चाक मोडलं म्हणून थांबलोय. आजोबा म्हणाले, "म्हणजे होडीनेच आणलं म्हणायचं तुम्हाला तळ्यावर." आमच्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री खानावळीत तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण आणि कच्चा कांदा. मेव्हणा पाच भाकऱ्या खाऊन म्हणाला, उद्या एकादशी आहे हे आत्ता आठवलं.

तिसरा दिवस: महाड ते लांज्याच्या अलीकडे

सकाळी धुकं इतकं की सावित्रीच्या पुलावरून खालचं पाणी दिसेना. मेव्हणा नेहमी बडबडतो, पण पुलावर गप्प होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जुना पूल पुरात गेला, दोन एसट्या अंधारात सरळ नदीत. नवा पूल पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला, जून २०१७ मध्ये सुरू झाला. आता रुंद आणि भक्कम आहे, पण पुलावर आल्यावर आमच्याकडची माणसं अजून हात जोडतात.

पोलादपूरच्या पुढे हवालदाराने हात केला. गाडीचे कागद, ट्रेलरचे कागद, माझ्या मेव्हण्याचं लायसन्स, सगळं नीट बघितलं. मग म्हणाले, "होडीचं?" आम्ही होडीच्या नोंदणीचे कागद दिले. ते त्यांनी उलटसुलट करून बघितले आणि परत देत म्हणाले, "हे काय मला कळत नाय, पण हेल्मेट घालायला सांगू का लाइफजॅकेट?" स्वतःच्याच जोकवर जाम हसले. मग मुलीला दाखवायला होडीपुढे उभं राहून फोटो काढून घेतला आणि सोडलं.

कशेडीचा बोगदा म्हणजे आमच्यासाठी देवाचीच कृपा. जुन्या घाटातली ती वळणं ह्या शेपटीसकट काढायची म्हणजे... नकोच. बोगद्यातून काही मिनिटांत पलीकडे. पण पुढे परशुराम घाटाचा उतार आहेच, आणि तिथे आमचा धडा झाला. ट्रेलरला जो ब्रेक होता तो सर्ज ब्रेक, म्हणजे गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे दाबला जातो, त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. सपाटीवर झकास. पण लांब उतारावर तो सतत पुढेच दाबलेला राहतो, म्हणजे ब्रेक थोडे थोडे लागूनच, आणि तापत जातात. अर्ध्या उतारावर जळका वास आला. बाजूला घेतलं, वीस मिनिटं थांबलो. खाली वाशिष्ठीचं खोरं, धुकं आता नदीपुरतंच उरलेलं, चिपळूण उन्हात, आणि आम्ही ट्रेलरच्या चाकाला नाक लावून बसलेले.

नंतर मेव्हण्याने पद्धत बदलली. उतार सुरू व्हायच्या आधीच मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर, इंजिनलाच गाडी धरून ठेवू द्यायची, आणि ब्रेक मारायचा तर एकदा नीट दाबून स्पीड कमी करायचा आणि पूर्ण सोडायचा, पाय ठेवून रेंगाळायचं नाही. मागे ट्रकवाले हॉर्न मारतात, मारू देत. आणि समजा ट्रेलर डोलायला लागलाच तर ब्रेकवर उभं राहायचं नाही, अॅक्सिलरेटर सोडायचा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं. एका डायव्हर्जननंतर एकदा हे करावं लागलं, तीन-चार हेलकावे दिले आणि शांत झाला. माझा नाही झाला.

संगमेश्वर, हातखंबा, पाली. डायव्हर्जनं मोजायची सोडून दिली. आता ह्या प्रवासातला सगळ्यात लाजिरवाणा प्रसंग. लांज्याच्या अलीकडे मॅपने सांगितलं डावीकडे घ्या, आठ मिनिटं वाचतील. आणि आम्ही घेतलं! ट्रेलर मागे असताना मॅपचं ऐकू नये, ही अक्कल एका किलोमीटरने आली. रस्ता अरुंद होत गेला, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, आणि शेवटी एका वाडीत देवळासमोर रस्ता संपला. वळवायला जागा नाही. चारशे मीटर उलटं जायचं.

ट्रेलर रिव्हर्स घेणं म्हणजे उलटं डोकं. गाडी डावीकडे वळवली की ट्रेलर उजवीकडे जातो. मेव्हण्याने पहिल्या प्रयत्नात होडीची मागची बाजू बरोबर एका परसातल्या शेवग्यात नेऊन घातली. मग हळूहळू वाडी गोळा झाली. आधी पोरं, मग बाप्ये, मग पडवीतून आज्या. प्रत्येकाचं मत वेगळं आणि सगळे एकाच वेळी ओरडणार. घे, घे, घे, थांब, अरे थांब! शेवटी एक माणूस पुढे आला, मुंबईला पोर्टात कंटेनरचा ट्रेलर चालवून रिटायर झालेला. काय योग बघा. त्याने पहिल्यांदा सगळ्यांना गप्प केलं. मग मेव्हण्याला म्हणाला, "स्टिअरिंगच्या तळाशी एक हात ठेव. ट्रेलरचं ढुंगण जिकडे न्यायचं तिकडे तो हात ने. वरचा भाग विसर. आणि थोडंच फिरव, जास्त फिरवलंस की गाडी नि ट्रेलरची कात्री होते." आरशात बघत, बोटभर बोटभर स्टिअरिंग हलवत, पाऊण तासात आम्ही चारशे मीटर मागे गेलो. एक गडग्याचा चिरा पडला तो पोरांनी परत बसवला. शेवग्याच्या मालकीण आजींना मी माफी मागायला गेलो तर त्या म्हणाल्या, "शेंगा काढायच्याच होत्या," आणि द्रोणात साबुदाण्याची खिचडी दिली, एकादशी ना. सोबत रताळ्याचा कीस. पौषातली ओल्या खोबऱ्याची खिचडी, त्यावर लिंबू, देवळाच्या कट्ट्यावर बसून. आठ मिनिटं वाचवायच्या नादात अडीच तास गेले, पण खिचडी मिळाली, माझी तक्रार नाही.

त्या पोर्टवाल्या काकांनी रात्री तिथेच राहायचा आग्रह केला. अंधारात ट्रेलर हायवेला काढू नका म्हणाले. त्यांच्या खळ्यात झोपलो. होडी हायवेजवळ शाळेच्या मैदानात, आणि तिच्यात वाडीतली चार पोरं राखणीला झोपली. राखण कसली, त्यांना होडीत झोपायचं होतं.

चौथा दिवस: लांजा ते देवबाग

राजापूर गेलं, खारेपाटण आलं आणि सिंधुदुर्गात शिरल्या शिरल्या काँक्रीटचा चौपदरी गुळगुळीत रस्ता. तीन दिवस दातावर दात आपटल्यावर ही शांतता कानाला विचित्र वाटत होती. डिझेलचा हिशेब सांगतो, एरवी बाराचं अॅव्हरेज देणारी गाडी होडीसकट साडेसहावर आली. हातखंब्यापर्यंत सहाच्याही खाली होती, सिंधुदुर्गाने सावरली. म्हणजे टाकीचा अंदाज नेहमीच्या निम्मा धरा, आणि पंप निवडताना किंमत बघू नका, आत शिरून पुढून बाहेर पडता येतं का ते बघा.

कणकवलीला वडे-उसळ, कसालला उजवीकडे वळलो, दुपारी मालवण. बाजारातून न जाता बाहेरून काढलं. एका वळणावर माडांच्या फटीतून सिंधुदुर्ग किल्ला दिसला. कुरटे बेटावर १६६४ मध्ये महाराजांनी पाया घातला. त्याचे चिरे आणि शिसं तिथपर्यंत कसं नेलं असेल हा विचार मी दरवेळी करतो, ह्या वेळी जरा जास्तच आपुलकीने केला.

देवबागचा रस्ता म्हणजे समोरून रिक्षा आली तरी एकाने माडात शिरायचं. मामा स्कूटरवर पुढे, समोरच्या गाड्या थांबवत, जसा काही मंत्र्याचा ताफा येतोय. घरी पोचलो तर मामीने ओट्यावर बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी तयार ठेवलेली. मामाने आम्हाला मिठी मारली नाही, जेवलात काय विचारलं नाही, सरळ ट्रेलरखाली वाकून होडीच्या बुडाला हात फिरवला. पुढून मागपर्यंत. मग म्हणाला, "बरी आसा."

मी म्हटलं, सॉरी मामा, दोन दिवस उशीर झाला. तर म्हणाला, "बरा झाला उशीर केलास तो. काल एकादशी म्हणजे भांगाचा पाणी. ट्रेलर अर्धो पण बुडलो नसतो." अष्टमी-नवमीच्या आसपास भरती-ओहोटीत फरक कमी असतो, त्याला भांग म्हणतात, आणि पुनवेकडे जाता जाता उधाण वाढतं. आम्ही ठरवल्याप्रमाणे पोचलो असतो तर एकादशीच्या भरतीला पाणी खाडीवरच्या उताराच्या वरच्या टप्प्यापर्यंत आलंच नसतं. म्हणजे महाडचं ते सडलेलं बेअरिंग आम्हाला फायद्यात पडलं.

"उद्या त्रयोदशी," मामा म्हणाला. "तिथीक तीनान गुणूचा, चारान भागूचा. तेरा त्रिक एकोणचाळीस, चार भागिले, पावणेदहा. नऊ वाजता खाडीर हजर रवा." मी गुपचूप मोबाईलवर तपासलं. फार फरक नव्हता.

पाचवा दिवस: पाण्यात

सकाळी घरापासून खाडीपर्यंत दीड किलोमीटर. तिथे पोचल्यावर लगेच पाण्यात जायचं नाही, हब पूर्ण गार होऊ द्यायचे, ते महाडच्या मेस्त्रींनी बजावलेलं. तोपर्यंत पुढची विंचची दोरी सोडून बाकीचे पट्टे सोडवले, चावीवरचं बूच काढून मामाने स्वतः लावलं, वर दोनदा हात मारून खात्री केली.

काँक्रीटच्या उताराचा खालचा भाग शेवाळाने हिरवागार. फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर), रिव्हर्स, स्टिअरिंगच्या तळाशी हात. मेव्हणा आता ह्यात इतका तयार झाला होता की मला जरा मत्सरच वाटला. ट्रेलर पाण्यात गेला, चाकं गेली, मग एक क्षण असा आला की ट्रेलर खाली जातोय पण होडी जात नाहीये. मागची बाजू उचलली, हलकेच डोलली. चार दिवस जी वस्तू आमच्या पाठीत धक्के देत होती ती आता एका बोटाने सरकत होती. मामाने विंचची दोरी सोडली, दोघं जण कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून तिला बाजूला घेऊन गेले. गाडी वर घेताना मागची चाकं शेवाळावर एकदा फिरली, फोर-लो नसतं तर हायलक्सचंही जलावतरण झालं असतं.

काठावर एक म्हातारे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, बसले होते, विडी ओढत. सगळा सोहळा संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग विडी विझवून मला म्हणाले, "होडी पाण्यातसून हाडूची सोडून रस्त्यान कित्याक हाडलास रे?"

मी गिअरबॉक्स वगैरे सांगायला तोंड उघडलं तर मामाच मधे म्हणाला, "तेका गाडी लागता होडीत."

हे खोटं आहे. म्हणजे पूर्ण खोटं नाही. त्याच दुपारी मामाच्या शेजाऱ्याने आपल्या होडीने आमची होडी ओढत संगमापर्यंत एक फेरी मारली, त्यात मी बसलो होतो आणि पुढचं वर्णन मी करणार नाही.

ट्रेलर गोड्या पाण्याने धुवून, हबमध्ये नवीन ग्रीस भरून मामाच्या परसात माडाखाली ठेवलाय. परत येताना आम्ही मोकळेच आलो, सोळा तासांचं काम नऊ तासांत, आणि मेव्हणा सवयीने प्रत्येक वळण रुंद घेत होता. परवा मामीचा फोन होता. गिअरबॉक्स बसला, होडी पळते. ट्रेलरवर सध्या मिरच्या वाळतायत.